पोकर शिकताना चेहरा बघू नका

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. वाल्डॉर्फमध्ये त्या दिवसांत पाच वाजायच्या आत अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद असतात आणि पाऊस काही थांबत नाही. अशा वेळी आम्ही सहा-सात मराठी मंडळी कुणाच्या तरी घरी जमतो आणि पोकर खेळतो. पैसे लावत नाही. प्रत्येकाला राजम्याचे शंभर दाणे मिळतात आणि ज्याचे दाणे सगळ्यात आधी संपतील, त्याने पुढच्या वेळी सगळ्यांना मिसळ करून घालायची. इथे मटकीला मोड आणण्यापासून फरसाण शोधण्यापर्यंतची खटपट बघता ही शिक्षा वाटते तेवढी हलकी नाही.

त्या दिवशी यजमानाचे वडील खेळायला बसले. मिरजेहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे आलेले, आयुष्य एसटीच्या नोकरीत काढलेले काका. पोकर त्यांनी कधी खेळलं नव्हतं. तीन पत्ती आणि मेंढीकोट मात्र गणपतीच्या जागरणांत भरपूर. आम्ही त्यांना नियम सांगितले: प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, मधे पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडे, आणि प्रत्येक टप्प्यावर दाणे लावायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकून द्यायचे. रात्री साडेदहाला निम्म्याहून जास्त राजमा काकांच्या पुढ्यात होता आणि मिसळ माझ्या गळ्यात पडली होती.

"काका, तुम्ही आमचे चेहरे वाचलेत ना?" मी विचारलं.

"अगं, चेहरा कशाला बघू? तुम्ही सगळे चेहरे सांभाळूनच बसला होता. कोण कधी किती दाणे टाकतो, तेवढं बघत होतो."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आले. तुम्हीही परदेशात अशा टेबलावर बसत असाल, किंवा यूट्यूबवर 'समोरच्याचा ब्लफ कसा ओळखावा' छापाचे व्हिडिओ बघत असाल, तर आज मला तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. समोरच्याची देहबोली वाचता येते का? थोडीफार येते. पण आपल्याला वाटते त्याच्या पावपटही नाही. आणि 'मला माणसं वाचता येतात' हा समज टेबलावरून उठून आपल्याबरोबर ऑफिसात येतो, तेव्हा त्याची किंमत राजम्यात मोजता येत नाही.

चुगली म्हणजे काय

पोकरमध्ये खेळाडूच्या नकळत त्याचे पत्ते सांगून जाणाऱ्या खुणेला 'टेल' म्हणतात. मी तिला चुगली म्हणते. मेंढीकोटात भिडू एकमेकांना मुद्दाम खाणाखुणा करतात, हुकमाचा एक्का हातात असला की भुवई उडवतात; ती लबाडी झाली. चुगली ही आपल्याच शरीराने आपल्याविरुद्ध केलेली असते.

या विषयावरचं सर्वांत गाजलेलं पुस्तक अमेरिकन खेळाडू माइक कॅरो यांचं, १९८४ सालचं. त्यांचं मुख्य सूत्र सोपं आहे: जे लोक नाटक करतात ते उलटं नाटक करतात. पत्ते जोरदार असले की सुस्कारा टाकतात, खांदे उडवतात. पत्ते भिकार असले की दाणे आपटून टाकतात. आणि ज्या खुणा नाटकी नसतात त्यांतल्याही काही आपल्या अंदाजाच्या उलट असतात. मोठी पैज लावताना एखाद्याचा हात अचानक थरथरला, तर आपण म्हणतो, 'चोराच्या मनात चांदणं, हा घाबरलाय.' कॅरो सांगतात की बहुतेक वेळा त्याला घबाड पत्ते आलेले असतात आणि तो थरथराट ताण सुटल्याचा असतो.

ही एका अनुभवी खेळाडूची निरीक्षणं आहेत, प्रयोगशाळेतले निष्कर्ष नव्हेत. तरी त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शरीर जे सांगतं ते 'उत्तेजना आहे' एवढंच. ती भीतीची की आनंदाची, हे शरीर सांगत नाही. तो अर्थ आपण घालतो.

बर्लिनचा घोडा

शरीर चुगली करतं याचा सर्वांत सुंदर पुरावा जर्मनीतलाच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाकडे हान्स नावाचा घोडा होता. त्याला बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक विचारले की तो खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०४ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुंप्फ यांच्या पुढाकाराने एक समिती बसली आणि तिला कोणतीही लबाडी सापडली नाही.

मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने साधे प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. घोडा चुकायला लागला. घोड्याला प्रश्नकर्ता दिसणार नाही अशी झापडं लावली. घोडा पुन्हा चुकला. प्रश्न विचारला की माणूस घोड्याच्या खुराकडे बघायला किंचित वाकतो, आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं अगदी थोडं, नकळत वर जातं. हान्स तेवढीच हालचाल वाचत होता. ही गोष्ट कळल्यावरही फुंग्स्ट यांना स्वतःची मान पूर्णपणे आवरता येईना. १९०७ साली त्यांनी हे सगळं पुस्तकरूपाने मांडलं.

हान्सला हे जमलं कसं, हे बघा. वर्षानुवर्षं रोज सराव. एकच प्रकारची खूण. आणि प्रत्येक बरोबर उत्तराला लगेच खाऊ. चूक झाली तर लगेच कळत होतं. आपल्यापैकी किती जणांना माणसं वाचण्याचं असं शिक्षण मिळालेलं असतं?

संशोधन काय म्हणतं

माणसं खोटं किती ओळखतात यावर शेकडो प्रयोग झाले आहेत. चार्ल्स बॉंड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली त्यांचा एकत्रित हिशेब मांडला. त्यात २४ हजारांहून अधिक लोकांचे निर्णय होते. खरं-खोटं ओळखण्याचं सरासरी प्रमाण निघालं ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५० टक्के येतात. डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी त्याआधी, २००३ साली, खोटेपणाच्या १५८ संभाव्य खुणा तपासल्या होत्या. बहुतेकींचा खोटेपणाशी संबंध अगदी क्षीण होता किंवा नव्हताच. नजर चुकवणं ही जगभर मानली जाणारी खूणही त्या कसोटीवर टिकली नाही.

तुम्ही म्हणाल, पोकर म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. बरोबर आहे. हूल देणं हा तिथे खेळाचाच भाग आहे, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. म्हणून पोकरवरचाच एक प्रयोग सांगते. २०१३ साली मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या जागतिक पोकर स्पर्धेतल्या चित्रफितींचे छोटे तुकडे लोकांना दाखवले. काहींना फक्त चेहरा, काहींना फक्त हात, काहींना कमरेवरचं सगळं शरीर. नुसता चेहरा बघणाऱ्यांचे अंदाज नाणेफेकीपेक्षा सरस नव्हते. नुसते हात बघणाऱ्यांचे अंदाज मात्र थोडे सरस निघाले. चांगले पत्ते असलेल्या खेळाडूंचे हात दाणे पुढे सरकवताना अधिक सहज, अडखळल्याशिवाय चालत होते.

कारण उघड आहे. 'पोकर फेस' हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे सगळे चेहरा सांभाळतात. 'पोकर हात' असा शब्दच नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. २०१७ साली पिट्सबर्गमध्ये लिब्रॅटस नावाच्या संगणक प्रणालीने चार अव्वल व्यावसायिकांना १ लाख २० हजार डावांत हरवलं. २०१९ साली तिच्या पुढच्या पिढीने, प्लुरिबसने, सहा जणांच्या टेबलावरही व्यावसायिकांवर मात केली. या यंत्रांना डोळे नव्हते. पत्ते आणि पैजा, एवढीच त्यांची माहिती. मिरजेच्या काकांची पद्धत तीच होती.

राजम्याचा हिशेब

मग चुगली अगदी निरुपयोगी का? नाही. तिची किंमत किती, ते मोजता येतं. बेझच्या सूत्राचा हा छान उपयोग आहे, आणि तो सूत्र न लिहिताही करता येतो.

समजा, मधे ६० दाणे जमले आहेत आणि शेवटच्या टप्प्यावर समोरच्याने आणखी ६० लावले. तुमच्या हातात फक्त त्याचा ब्लफ पकडण्यापुरते पत्ते आहेत. तुम्ही ६० टाकून १२० मिळवायला बघता आहात, म्हणजे तीनांत एकदा तरी तो ब्लफ करत असेल तर पत्ते उघडायला लावणं परवडतं.

आता समजा, आतापर्यंतच्या पैजांवरून तुमचा अंदाज असा आहे की अशा जागी तो १०० पैकी ३० वेळा ब्लफ करतो. ३३ पेक्षा कमी, म्हणून पत्ते टाकून द्यायला हवेत. पण तेवढ्यात तुम्हाला दिसतं की तो पुतळ्यासारखा स्तब्ध झालाय. धरून चालू, की ब्लफ करताना तो १०० पैकी ६० वेळा असा गोठतो आणि खरे पत्ते असताना ४० वेळा. म्हणजे ३० ब्लफांपैकी १८ वेळा गोठेल आणि ७० खऱ्या डावांपैकी २८ वेळा. एकूण ४६ वेळा गोठला, त्यांत ब्लफ १८. शक्यता झाली ३९ टक्के. निर्णय बदलला, आता पत्ते उघडायला लावा.

हाच हिशेब सरळमार्गी खेळाडूसाठी करा, जो १०० पैकी १० वेळाच ब्लफ करतो. त्याच चुगलीने शक्यता १० वरून १४ टक्क्यांवर जाते. अजूनही पत्ते टाकूनच द्यायचे. म्हणजे कमकुवत चुगली फक्त काठावरचे निर्णय बदलते. आणि काठ कुठे आहे हे कळण्यासाठी आधी पैजांचा हिशेब यायला हवा. हिशेब येत नसताना चुगल्या शोधणं म्हणजे भाकरी थापता येत नसताना ठेच्यात मीठ किती यावर वाद घालणं.

दुसरा पेच याहून अवघड आहे. ते ६० आणि ४० हे आकडे तुम्हाला कळणार कसे? समजा, एखाद्या मित्राचे दहा डाव तुम्ही शेवटपर्यंत पाहिले आणि दहापैकी सात वेळा 'नाक खाजवलं की ब्लफ' हे जुळलं. पुरावा भक्कम वाटतो ना? पण नाणं दहा वेळा उडवलं तर सात किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता १७ टक्के असते, म्हणजे साधारण सहांत एकदा. तुम्ही नाक, कान, पाणी पिणं, खुर्चीत सरकणं अशा सहा गोष्टींवर नजर ठेवली असेल, तर एखादी निव्वळ योगायोगानेही जुळून दिसण्याची शक्यता चांगलीच आहे.

त्यात भर म्हणजे, ज्या डावांत तुम्ही पत्ते टाकून दिलेत त्यांत समोरच्याचे पत्ते उघडतच नाहीत. 'त्याचे डोळे चमकले, मी ओळखलं, पत्ते टाकले आणि वाचलो,' असं आपण सांगत सुटतो. वाचलो की फसलो, हे कधीच कळलेलं नसतं.

म्हणून खरंच शिकायचं असेल तर असं करा. सुरुवातीचे काही महिने देहबोली सोडून द्या. कोण कुठल्या टप्प्यावर किती लावतो आणि शेवटी काय दाखवतो, तेवढंच लक्षात ठेवा. मग एका वेळी एकच माणूस निवडा. तो डावात नसताना, चहा पिताना, गप्पा मारताना कसा बसतो ते आधी बघा, कारण नेहमीचं माहीत नसेल तर वेगळं काय ते कळणार नाही. चेहऱ्यापेक्षा हातांकडे बघा. आणि पत्ते उघडायच्या आधी मनातला अंदाज वहीत टिपून ठेवा. डाव झाल्यावर आठवलेला अंदाज नेहमीच बरोबर असतो.

पत्ते न उघडणारी माणसं

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, त्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीत होते. एका जागेसाठी मुलाखती चालू होत्या आणि मी त्या समितीत होते. महाराष्ट्रातल्या एका छोट्या गावातून आलेला एक मुलगा समोर बसला. प्रत्येक उत्तराआधी तो खाली टेबलाकडे बघायचा, थांबायचा, मग बोलायचा. उत्तरं ठीक होती. नंतर जर्मन सहकाऱ्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडचा आहे, तुला काय वाटतं?" मी म्हणाले, "काहीतरी लपवतोय असं वाटतं. नजर देत नाही." त्यांनी माझं ऐकलं. त्याला नकार गेला.

मी स्वतः शाळेत बाईंशी बोलताना खाली बघूनच बोलायचे. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं हा उद्धटपणा, हे मला त्या जर्मन सहकाऱ्यांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. तरी इतकी वर्षं इथे राहून मी इथली फूटपट्टी उचलली आणि 'तुमच्याकडची' म्हणून माझ्या शब्दाला जास्त वजन मिळालं.

त्या मुलाबद्दल माझा अंदाज बरोबर होता का? माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. त्याने पत्ते उघडलेच नाहीत. आम्ही उघडू दिले नाहीत. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या परस्परविरोधी मतांच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली एकत्र लेख लिहून सांगितलं की अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवण्यासाठी दोन अटी लागतात: परिस्थितीत पुरेशी नियमितता हवी, आणि आपला अंदाज चुकला की बरोबर ठरला हे वारंवार कळायला हवं. पोकरच्या टेबलावर दुसरी अट अर्धीमुर्धी तरी पूर्ण होते. मुलाखतीत नाकारलेल्या माणसाबाबत ती अजिबात होत नाही. म्हणजे जिथे आपण सर्वांत कमी शिकतो, तिथेच 'माझा वीस वर्षांचा अनुभव आहे' हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येतं.

हा प्रश्न माझ्यापुरता नाही. इथून आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर कार्ल्सरूह आहे, जिथे जर्मनीचं सर्वोच्च फौजदारी आणि दिवाणी न्यायालय बसतं. त्या न्यायालयाने १७ डिसेंबर १९९८ रोजी निकाल दिला की खोटं पकडणाऱ्या यंत्राची चाचणी पुरावा म्हणून पूर्णपणे अयोग्य आहे. घाम आणि नाडी उत्तेजना दाखवतात, खोटेपणा दाखवत नाहीत; कॅरोच्या थरथरत्या हातासारखंच. आपल्याकडे २००८ साली पुण्यातल्या एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार निकालपत्रात घेतला गेला आणि जगभरचे शास्त्रज्ञ चकित झाले. ५ मे २०१० रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात स्पष्ट केलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या कुणावरही सक्तीने करता येणार नाहीत.

आता तोच मोह सॉफ्टवेअरच्या रूपाने परत आला आहे. २०१६ ते २०१९ या काळात युरोपीय संघाच्या पैशातून एक प्रकल्प चालला, ज्यात सीमेवर येणाऱ्या प्रवाशाला पडद्यावरचा आभासी अधिकारी प्रश्न विचारणार आणि त्याच्या चेहऱ्याच्या बारीक हालचालींवरून खरं-खोटं ठरवणार, अशी कल्पना होती. युरोपच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत माणसाच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता, बंदी घातली. सीमेवरच्या तपासणीसाठी मात्र तशी सरसकट बंदी नाही. पासपोर्ट पुढे करून काचेपलीकडच्या माणसाकडे बघताना आपले हात घामेजतात, कागद सगळे चोख असले तरी. हे व्हिसावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना कुणी समजावून सांगायला नको.

वाल्डॉर्फला मराठी माणूस बहुधा सॉफ्टवेअरच्या निमित्ताने येतो. यातल्या काही प्रणाली आपल्यापैकीच कुणीतरी लिहीत असेल, तपासत असेल किंवा विकत असेल. कुणी म्हणालं की 'आमची प्रणाली चेहऱ्यावरून प्रामाणिकपणा मोजते', तर एवढंच विचारा: तिने ज्यांना अप्रामाणिक ठरवलं त्यांचे पत्ते नंतर कुणी उघडून पाहिले का? हान्ससाठी फुंग्स्टने लावली तशी झापडं तुम्ही लावून पाहिलीत का?

आणि मुलाखत घ्यायची वेळ आली तर आधी प्रश्न लिहा, सगळ्यांना तेच विचारा, प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण द्या आणि ते दिल्याशिवाय सहकाऱ्यांशी बोलू नका. अशा रचनाबद्ध मुलाखती मोकळ्या गप्पांपेक्षा माणसाच्या कामाचं भाकीत चांगलं करतात, हे अनेक दशकांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मी आता तसंच करते. कंटाळवाणं आहे, आणि 'मला माणसं कळतात' हा आनंद त्यात मिळत नाही.

पोकर मात्र जरूर खेळा. आपला अंदाज किती वेळा चुकतो हे इतक्या स्वस्तात दाखवणारी दुसरी शाळा मला माहीत नाही. काका डिसेंबरात मिरजेला परत गेले. जाण्याआधी त्यांना ठरल्याप्रमाणे मिसळ करून घातली. कशी झाली, असं विचारल्यावर ते "छान" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. पण त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली, तेव्हा कळलं.